धाकटीची मान मागे पडते, थोरल्याला ऑटिझम आहे. थांबू की आत्ताच दाखवू?

नमस्कार. थोरला पाच वर्षांचा आहे, तिसऱ्या वर्षी त्याला ऑटिझमचं निदान झालं. धाकटी साडेसहा महिन्यांची. हसते, हाक मारली की वळते. पण उताणी असताना दोन्ही हात धरून हळूच उठवून बसवायला गेलं की अंग वर येतं आणि डोकं मागेच लोंबतं, अगदी शेवटी झटक्याने पुढे येतं. झोप झालेली, पोट भरलेलं असतानाही तेच.

थोरल्याच्या वेळी आमचं सगळं लक्ष तो बोलत का नाही याकडे. परवा त्याचे जुने व्हिडिओ काढले. सात महिन्यांचा असताना बसवला की कलंडायचा आणि पडताना हात पुढे करायचाच नाही, ओंडक्यासारखा सरळ आडवा. तेव्हा कुणाला काही खटकलं नव्हतं. ते व्हिडिओ पाहिल्यापासून मला झोप नाही.

वाचलं तेही सांगते. २०१२ साली अमेरिकेतल्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमध्ये, ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा ४० बाळांची सहाव्या महिन्यात हीच, हात धरून उठवून बसवायची चाचणी घेतली होती. पुढे ऑटिझम निघालेल्यांपैकी ९० टक्के बाळांची मान मागे राहिली होती. पण पुढे काहीच न निघालेल्यांतही ३५ टक्के बाळांची राहिली होती! म्हणजे एवढ्यावरून काही ठरत नाही, हे कळतं मला. शिवाय मान न धरण्याची इतरही कारणं असतात.

सहा महिन्यांच्या बाळाचं निदान मी मागतच नाहीये. पण ऑटिझमची शक्यता तपासणारी एम-चॅट ही पालकांसाठीची प्रश्नावली १६ महिन्यांपासून पुढे वापरतात, तोवर नुसतं बघत राहायचं? आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, वजन छान आहे, महिन्याभराने बघू. सासूबाई म्हणतात, प्रत्येक बाळाचा वेग वेगळा. दोघंही बरोबर असतील, पण थोरल्याच्या वेळीही हेच ऐकत दीड वर्ष गेलं.

एका मुलाला ऑटिझम असताना दुसऱ्याची मान किंवा बसणं उशिरा झालं, असं कुणाचं आहे का? पुढे कसं झालं? आधी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) जावं की थेट लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे? जागी असताना दिवसातून चार-पाच वेळा पालथी ठेवते, दोन मिनिटांत रडते, मग छातीवर घेते. तिथे मात्र माझं तोंड बघायला मान वर करते. हे डॉक्टरांना व्हिडिओ काढून दाखवू का?