मदत हवी आहे: सामायिक गटात शेततळं, 'नकाशा जोडा' म्हणजे नेमका कोणता नकाशा?

मंडळी, नमस्कार.

महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) वैयक्तिक शेततळ्याचा अर्ज भरला होता, निवड झाली. सातबारा, आठ अ, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, सगळं चढवून झालं. आता तालुका कृषी कार्यालयातून निरोप आलाय, 'गटाचा नकाशा जोडा आणि त्यावर जागा दाखवा.' कोणता नकाशा, ते कोणी धड सांगत नाही. एक जण म्हणतो ऑनलाइन प्रिंट चालते, दुसरा म्हणतो भूमी अभिलेखचा शिक्का पाहिजेच. सेतूवाला तर म्हणतो सरळ मोजणीच करून घ्या. त्याचं काय जातंय म्हणायला!

गट एकच, 4 हेक्टर 20 आर. सातबाऱ्यावर पाच खातेदार, प्रत्येकाच्या नावापुढे 0.84. वाटणी आजोबांच्या काळातली, तोंडी. बांध पडलेत, ज्याची त्याची वहिवाट ठरलेली, भांडणतंटा काही नाही. पण कागदावर पोटहिस्से (गटातले ज्याचे त्याचे तुकडे) पडलेलेच नाहीत. त्यामुळे महाभूनकाशावर (सरकारी ऑनलाइन नकाशावर) गट नंबर टाकला की अख्खा गट एका तुकड्यात दिसतो, आत एक रेघ नाही. त्यात 'माझी' जागा दाखवायची कशी?

क्षेत्राची अट आम्ही पूर्ण करतो. 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे पाण्यालाच 9 आर जाणार, काठावरची माती वेगळी. एवढी जागा उताराच्या खालच्या कोपऱ्यातच बसते आणि तिथून ओढा जवळ आहे. ओढ्याच्या पात्रात शेततळं घेता येत नाही हे ठाऊक आहे. जागा पात्राबाहेर, चांगली उंचावर आहे. पण जुन्या नकाशात ओढा जिथून काढलाय आणि आज तो जिथून वाहतो, यात फरक दिसतो. नकाशा बघून कोणी 'जागा ओढ्यात येते' असा शेरा मारला तर काय करायचं?

ज्यांनी अलीकडे सामायिक गटातून शेततळं घेतलंय त्यांनी सांगावं, कोणता नकाशा दिला आणि तो चालला का.

प्रतिसाद – बांधावरचा

दादा, नकाशे तीन आहेत, लोक तिन्हीला 'नकाशा'च म्हणतात म्हणून घोळ होतो. महाभूनकाशाची प्रिंट फक्त माहितीसाठी, तिच्यावर कोणाची सही नसते. उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून अर्ज करून मिळते ती गट नकाशाची शिक्क्याची नक्कल. आणि मोजणी झाल्यावर हातात पडते ती 'क' प्रत.

तुमच्या कामाला मधली पुरेल असं वाटतं. कृषी कार्यालयाला तुमची हद्द ठरवायची नाही, तळं कुठं येणार एवढंच बघायचंय. नकलेच्या झेरॉक्सवर लाल पेनाने चौकोन काढा, बाजूला चतुःसीमा आणि ओढ्यापासूनचं अंतर टेपने मोजून लिहा. ओढ्याची शंका सहायक कृषी अधिकारी जागेवर आले की मिटते. त्यांना खालच्या अंगाला उभं करून पात्र दाखवा आणि स्थळपाहणीत तसं लिहून घ्या. फोटो जिओटॅगचे (ठिकाण नोंदलेले) असतात, तेच पुढं कामाला येतात.

तरी 'यापैकी कोणता' हे लेखी विचारा, पोच घ्या. तोंडी उत्तर टेबल बदललं की बदलतं.

प्रतिसाद – काळी माती

मोजणीच्या फंदात आत्ता पडू नका. पोटहिस्सा मोजायचा तर सगळ्या सहधारकांच्या सह्या लागतील आणि मोजणीत वेळही जाईल.

मला नकाशापेक्षा तुमच्या संमतीपत्राची काळजी वाटते. बहुतेक जण 'आमची हरकत नाही' एवढंच लिहून मोकळे होतात. शेततळं काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. उद्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप झालं आणि तो कोपरा दुसऱ्याच्या हिश्श्यात गेला तर? संमतीपत्रात गट नंबर, तळ्याची लांबी-रुंदी, दिशा, चतुःसीमा लिहा आणि पुढं वाटप करताना ही जागा तुमच्याच हिश्श्यात धरावी हे वाक्य घाला. लाल चौकोनाचा तोच नकाशा संमतीपत्राला जोडून त्यावरही चौघांच्या सह्या घ्या. कार्यालय मागो न मागो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नक्कल काढतो. पण सह्यांवरून एक सांगायचं राहिलं. पाचांतले एक चुलते वारले, त्यांची वारसनोंद अजून बाकी आहे. संमतीपत्रावर मोठ्या चुलतभावाने एकट्याने सही केलीय. चालेल का?

प्रतिसाद – काळी माती

नाही. सातबाऱ्यावर नाव चुलत्यांचं आणि सही मुलाची, छाननीत पहिलं बोट तिथंच ठेवतील. आधी वारसाचा फेरफार घाला. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लागतात. नोटिशीचे 15 दिवस गृहीत धरा. बहिणी असतील तर त्याही वारस, त्यांच्याही सह्या लागतील. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा, मगच संमतीपत्र नव्याने करा. तोवर अर्ज वेळेअभावी रद्द होऊ नये म्हणून मुदतवाढीचा अर्ज आजच देऊन ठेवा, सोबत फेरफार अर्जाची पोच लावा.