रक्त म्हणते ५३, जन्मदाखला म्हणतो ४७

घाटधावक
नियमित धावतो, जिममध्ये वजनेही उचलतो. रविवारी सातारा हिल मॅरेथॉन केली आणि मंगळवारी ऑफिसच्या हेल्थ चेकअपसाठी रक्त दिले. रिपोर्टवर ‘जैविक वय ५३’. एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) ६.८, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.२५, एसजीओटी (यकृताच्या तपासणीतले एन्झाइम) ५८. साखर, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन उत्तम. घरचे म्हणतात, धावणे बंद कर. माहितगारांनी सांगावे.

लॅबवाल्या काकू
धावणे मुळीच बंद करू नका. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा रिपोर्टमागे बहुधा २०१८ सालचे ‘फेनोएज’ सूत्र असते: तुमचे वय आणि नऊ साध्या तपासण्या. अमेरिकेतल्या १९८८ ते १९९४च्या सर्वेक्षणातल्या सर्वसामान्य लोकांवरून ते बसवले. त्यात क्रिएटिनिन वाढले किंवा सीआरपी वाढला की वय चढते. पण वजने उचलणाऱ्याचे क्रिएटिनिन स्नायूंमुळेही जास्त असते, आणि घाटातले २१ किलोमीटर धावल्यावर दोन दिवसांनी सीआरपी चढलेला दिसणारच. एसजीओटीही एकट्या यकृताचे नाही, स्नायूंतूनही येते. गणित करून पाहिले, क्रिएटिनिन आणि सीआरपी या दोन आकड्यांनीच पाचेक वर्षे वाढतात.

आठवडाभर दमवणारा व्यायाम नको. सर्दी-ताप नसताना पुन्हा रक्त द्या आणि सोबत सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी तपासणी करा, त्यावर स्नायूंचा परिणाम फार कमी. ते वाढलेले निघाले तर मात्र नेफ्रॉलॉजिस्टना दाखवाच.

उल्हासनगरकर
काकू, माझे उलटे. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष), एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६५. वय ४४, रिपोर्ट म्हणतो ३८. पण दोन जिने चढलो की दम लागतो.

लॅबवाल्या काकू
त्या ३८वर विसंबू नका. सूत्रात एमसीव्ही कमी म्हणजे वय कमी, आणि तुमच्या लाल पेशी जन्मापासूनच लहान. उलट, लोह कमी असलेल्या बायकांत आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातली तफावत) वाढतो आणि पस्तिशीची मुलगी पंचेचाळिशीची दिसते. तिला फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) बघून लोह दिले पाहिजे. तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. मग फिजिओथेरपिस्टकडे हाताची पकड मोजा. २०१५च्या ‘प्युअर’ अभ्यासात १७ देशांत, आपल्याकडेही, पकड ५ किलोने कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला. मला हा आकडा त्या ‘वया’पेक्षा जास्त कामाचा वाटतो.

घाटधावक
आभार काकू. पुढच्या आठवड्यात देतो. उपाशीपोटी ना?

लॅबवाल्या काकू
साखर पुन्हा करणार असाल तर हो. पाणी नेहमीसारखे प्या. आणि आदल्या रात्री मटण नको, त्यानेही क्रिएटिनिन चढते.