ओट्याच्या फळ्यांचा जोड: तुमचे अनुभव लिहा

स्वयंपाकघरात आयत्या फळ्यांचा ओटा बसवताना नवख्या माणसाचं घोडं अडतं ते कोपऱ्यातल्या जोडावर. स्वतः करून पाहिलेलं जे असेल ते लिहा. सुरुवात मी करते.

माझी फळी लॅमिनेटची, आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबून बनवलेला लाकडी भुशाचा थर. जोडात पाणी मुरलं की तो फुगतो, कड वर येते आणि पुन्हा खाली बसत नाही. म्हणून कापलेल्या कडांना वरपासून खालपर्यंत सीलंट फासलं. खालून बोल्ट आवळताना वर सलग बारीक रेघ उमटली, तेव्हा खात्री पटली. ती लगेच पुसायची, वाळू द्यायची नाही.

*

ताई, सीलंटच्या आधीचं सांगतो. दोन्ही फळ्या कोरड्याच भिडवा आणि जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर खालच्या कपाटांचे पाय फिरवून पातळी जुळवा. सीलंट पाणी अडवायला असतं, फट बुजवायला नाही.

*

पुढची कड गोल असेल तर राउटर (फिरत्या कटरने लाकूड कापणारं यंत्र) आणि त्याला वाट दाखवणारा साचा लागतोच. मी दोन्ही भाड्याने आणले आणि आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवला. कटर 12.7 मिमीचा. एका दमात आरपार जायचं नाही, दर फेरीला 8-10 मिमी पुरे. कटर गोल कडेतून आत शिरला पाहिजे. तिथून बाहेर पडला तर लॅमिनेटचा टवका उडतो. त्यासाठी दोनपैकी एक फळी पालथी घालून कापावी लागते. साचा कुठल्या बाजूने लावायचा हे पेन्सिलीने फळीवरच लिहून ठेवा, ऐन वेळी डोकं गरगरतं.

*

राउटरची धास्ती वाटत असेल तर अ‍ॅल्युमिनियमची जोडपट्टी लावा. रेघ दिसते, पण जोड टिकतो. पट्टीखाली सीलंट हवंच.

*

माझी फळी अस्सल लाकडाची. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगतं-आकसतं, त्यामुळे खालच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवली. कापलेल्या टोकांना जोडण्याआधीच तेल पाजलं.

*

कापण्याआधी कोपरा मापा, भिंती क्वचितच काटकोनात असतात. एका भिंतीवर 90 सेंमी, दुसरीवर 120 सेंमीवर खूण करा. तिरकं अंतर बरोबर 150 आलं तर काटकोन. माझ्याकडे जास्त आलं, म्हणून साचा तेवढाच फिरवून घेतला. आणि जोड सिंकपासून लांब ठेवा, भोकाला लागून तर अजिबात नको.