भारतातल्या वारसास्थळांची पिक्चर पोस्टकार्डं : सेट पूर्ण झाला असं कधी म्हणायचं?

रानजाई
मंडळी एक शंका आहे. मी फक्त भारतातल्या युनेस्को वारसास्थळांची पिक्चर पोस्टकार्डं जमवते, दुसऱ्या देशाचं कुणी दिलं तर ते वेगळ्या डब्यात जातं. ताजमहाल, अजिंठा, हंपी, कोणार्क यांना काही त्रास नाही, घडीचे अल्बम विकणारे तिथे मागेच लागतात. पण यादी २०२५ मध्ये ४४ वर गेली आणि माझं अडतंय ते एकत्र केलेल्या नोंदींपाशी. पश्चिम घाट ही नोंद एकच पण त्यात ठिकाणं ३९, राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांची नोंद एक आणि किल्ले सहा, आता आपले मराठ्यांचे किल्ले आले ते बारा. मग नोंदीला एक कार्ड पुरे का प्रत्येक जागेचं हवं? शिवाय आसामचे मोईदाम (आहोम राजांच्या मातीच्या टेकाडासारख्या समाध्या), मानस अभयारण्य, धोलावीरा यांची छापील कार्डं मला कुठेच दिसली नाहीत. स्वतः फोटो काढून छापलेलं चालतं का, तुम्ही कसं करता?

अण्णा_टपालवाले
ताई, हिशोब नोंदीचा धरा, नाहीतर पश्चिम घाटातच जन्म जाईल, केरळातली जंगलं कार्डावर कोण छापणार. मी घाटासाठी कासचं फुलांचं कार्ड लावलंय. महाराष्ट्रातून त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी एवढंच आहे, महाबळेश्वरचं कार्ड सुंदर असलं तरी या पानावर बसत नाही. अशा फसवणाऱ्या जागा अजून आहेत. जंतरमंतर जयपूरचं यादीत आहे, दिल्लीचं नाही, आणि दुकानात कार्ड मिळतं बहुतेक दिल्लीचंच. डोंगरी रेल्वे तीन आहेत, दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला. माथेरानची गाडी अजून तात्पुरत्या यादीत आहे त्यामुळे तिचं कार्ड घेऊन ठेवा पण मोजू नका. आमेरचा किल्ला डोंगरी किल्ल्यांत, जयपूर शहर मात्र २०१९ची वेगळी नोंद, तिथे हवामहल चालेल. जुन्या गोव्याला बॉम जीझसचं कार्ड सहज मिळतं पण त्याच नोंदीत सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरापण येतो, मला तोच जास्त आवडतो.

गडवाट
अण्णा, बाकी सगळं मान्य पण किल्ल्यांच्या बाबतीत नाही पटत. ती नोंद कुठल्या एका गडाची नाहीचे, डोंगरावरचा साल्हेर, किनाऱ्यावरचा विजयदुर्ग, बेटावरचा खांदेरी, असे वेगवेगळ्या जातीचे किल्ले मिळून जी व्यवस्था उभी राहिली तिची आहे. रायगडाचं एक कार्ड लावून पान संपवलं तर जिंजी गायबच की. १६८९ला रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज निसटून थेट तामिळ मुलखात जिंजीला गेले आणि १६९८पर्यंत मोगलांना तिथे अडकवून ठेवलं, ते कार्ड नसेल तर सेट अर्धा वाटतो मला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जिंजी, बाराही हवेत. खांदेरी आणि साल्हेरचं तयार कार्ड मिळणं अवघड आहे, तिथे स्वतः छापायला काहीच हरकत नाही. घाटाला मात्र अण्णांचा नियम ठीक आहे, ३९ जमवायचा हट्ट कुणीच करू नये.

शाईचा_डाग
स्वतः छापलेलं कार्ड चालतं, माझी अट एकच, ते त्या गावातून पोस्ट झालेलं पाहिजे. त्या जागेचा शिक्का पडला की कार्डाला वजन येतं, कोरं कार्ड मला ब्रोशरसारखं वाटतं. छापताना जाड मॅट कागद घ्या, मागची बाजू तर अजिबात ग्लॉसी नको, शिक्क्याची शाई वाळत नाही आणि पुसली जाते. काउंटरवर जाऊन हाताने शिक्का मारून द्याल का असं नीट विचारलं तर बहुतेक पोस्टमास्तर आनंदाने मारतात, पेटीत टाकलं तर कसा पडेल सांगता येत नाही. काही पर्यटनस्थळांच्या पोस्टात कायमचा चित्रशिक्काही असतो, मोठ्या जीपीओच्या फिलॅटेली ब्युरोत (तिकीटसंग्राहकांच्या विभागात) त्याची चौकशी करा. जमलं तर मॅक्झिम कार्ड करा, म्हणजे चित्राच्याच बाजूला त्याच वास्तूचं तिकीट आणि त्यावर त्याच गावचा शिक्का, तिन्ही जुळले पाहिजेत.

अजून एक, १५ ऑगस्ट १९४९ला निघालेली पुरातत्त्व मालिका शोधा. तीन पैचं अजिंठ्याचा हत्ती, नऊ पैचं त्रिमूर्ती, तीन आण्याचं सांचीचं तोरण, पाच रुपयाचं ताज. यातलं काहीच तेव्हा जागतिक वारसा नव्हतं, भारताच्या पहिल्या नोंदी १९८३च्या. त्या तिकिटांशेजारी आजचं कार्ड ठेवलं की ते पान बघतच राहावंसं वाटतं!

आणि कार्डं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका हो, पावसाळ्यात चिकटतात आणि रंग जातो. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, डब्यात सिलिका जेल, आणि डिंक कशालाच लावायचा नाही.

रानजाई
खूप खूप आभार सगळ्यांचे. मग घाटाला कास, मराठ्यांच्या किल्ल्यांना बाराही, आणि राजस्थानचे सहा मिळतील तसे, तिथे गागरोण सोडून बाकीची कार्डं आहेतच माझ्याकडे. साताऱ्याची आहे त्यामुळे प्रतापगडापासून सुरुवात करते, गडाखालच्या पोस्टातून. अण्णा, ऑगस्टीनच्या मनोऱ्याचं जास्तीचं कार्ड असेल तर सांगा, बदल्यात कासचं देईन. आणि जिंजीच्या बाजूला कुणाचं जाणं होणार असेल तर कृपया कळवा, छापलेलं कार्ड तिकीट लावून आधी पाठवून देते, तिथल्या पोस्टात फक्त शिक्का मारून टाकायचं.