मदत हवी आहे: विजयदुर्गची बुडालेली भिंत, स्कूबा आणि लहानपणी वाहणारा कान

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरचा धंदा मासेमारीचा, मामा (माजी मालगुजारी) तलावातली. पोहणं लहानपणापासून येतं, पण समुद्र अजून पाहिलेला नाही.

विजयदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे, सुमारे १२२ मीटर लांब. शत्रूची जहाजं अडवायला ती बांधली असं सांगतात. तिच्याबद्दल वाचल्यापासून डोक्यात एकच आहे, तिथले मासे जवळून बघायचे. आमच्या तलावात बाभळीचे जुने खुंट बुडालेले आहेत आणि मरळ हमखास तिथंच सापडते. वाळूच्या तळावर दगडी भिंत म्हणजे समुद्रातल्या जीवांना तसाच आसरा असणार. दगडाला कालवं, शिंपले, स्पंज चिकटणार, फटींत वाम आणि हेकरू बसणार, त्यांच्या मागे मोठे मासे येणार. हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन, पर्यटकांना दहा-पंधरा मिनिटं हात धरून खाली नेतात आणि फोटो काढून वर आणतात, तेवढ्यावर माझं समाधान होणार नाही.

अडचण कानाची आहे. लहानपणी माझा उजवा कान वाहायचा. आता बरीच वर्षं त्रास नाही, तरी बाबा म्हणतात, "समुद्रात कायले उतरतं? लहानपनी तुया कान वाहे." त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. जाळं खुंटात अडकलं की ते अजूनही डोंग्यातून उडी मारून श्वास रोखून तळाला जातात. पाण्याचा दाब कानाला कसा लागतो ते त्यांना चांगलं माहीत आहे.

तर स्कूबाचा कोर्स कुठे करावा? विजयदुर्गला उतरता येतं का? महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर आणि पुढे एसटीने गगनबावड्यावरून जायचा विचार आहे, ते बरोबर राहील का?

प्रतिसाद १:
ताई, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पडद्याला भोक राहिलं असेल तर डाइव्ह नाही, यात तडजोड करू नका. पडदा धड असेल तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करायला शिकवतात. उतरायला लागल्यापासूनच ते करत राहायचं, दुखायची वाट बघायची नाही. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जाऊ नका.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. तलावातली श्वास रोखायची सवय स्कूबात पूर्ण सोडावी लागेल. १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू ठेवायचा.

प्रतिसाद २:
कोर्ससाठी तारकर्ली बघा, तिथे पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. ओपन वॉटर नावाचा सुरुवातीचा कोर्स केलात की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. पर्यटकांचं डाइव्हिंग मुख्यतः मालवण-तारकर्लीला चालतं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवरही भरपूर मासे आहेत. विजयदुर्गच्या भिंतीचं तिथल्या प्रशिक्षकांनाच विचारा, परस्पर कुणाच्या होडीतून उतरू नका. पावसाळ्यात सगळं बंद असतं, हिवाळ्यात या.

येताना गगनबावडा चालेल, परतताना सांभाळा. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी १८ तास थांबायला सांगतात. घाट सहाशे मीटरच्या वर जातो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर रात्र किनाऱ्यावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. घाटाचं कुणी बोललंच नव्हतं, आता परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढते. कान या आठवड्यात भंडाऱ्याला दाखवते, बाबांना सोबत नेईन, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनाही ऐकता येईल.

एक राहिलं. मला लांबचं दिसत नाही, उणे अडीचचा चष्मा आहे. नंबरच्या काचेचा मास्क मालवणला मिळतो का, की नागपूरहून बनवून न्यावा लागेल?