पालक दुसऱ्यांदा पिवळा पडला, मदत हवी आहे (तातडीने)

हिरवामाठ
पालक आणि मेथी. उगवतात झकास, बोटभर झाली की पिवळी पडून तिथेच थांबतात. नारळी पौर्णिमेला पेरलं ते गेलं. गौरी गेल्यावर पुन्हा पेरलं, तेही त्याच वाटेने चाललंय. खत घातलंय, पाणी देतो, माती चांगली आहे. युरिया सांगू नका, सगळं सेंद्रियच करायचंय. रविवारी तिसऱ्यांदा पेरणार आहे, त्याआधी सांगा.

शेवंता_ताई
कुंडीत की जमिनीत? गाव कुठलं? "खत घातलंय" म्हणजे कोणतं, किती? फोटो टाका.

गोधन
जीवामृत. दुसरं काही विचारूच नका. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज ढवळा.

टवाळ_कार्टं
200 लिटर? पालक लावलाय हो त्यांनी, एकरभर ऊस नाही.

गोधन
मापं कमी करता येतात. आणि टिंगल करण्याआधी एकदा करून बघा.

हिरवामाठ
नाशिक. घरामागे पंधरा बाय दहाचा तुकडा आहे, जमिनीतच. शेणखत दोन घमेली. फोटोत पिवळंच दिसणार, त्यात काय बघायचंय?

अण्णा_निफाड
बरंच बघायचं असतं. आधी खालची जुनी पानं पिवळी होतात की शेंड्याची कोवळी? जुनी आधी गेली तर नत्र कमी पडतंय; झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुनखडी आहे.

पाटील_बोअरवाले
बोअरचं पाणी असणार. आमची अख्खी बाग क्षाराने गेली. पाणी तपासा आधी.

गॅलरीतली_शेती
अवांतर: माझ्या कढीपत्त्याला वर्षभर फुटवाच नाही. ताक घालते. काय करू?

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत आता लसूण लावायची वेळ झाली, बाकी सगळं थंडीने आटोपलं. तुम्ही लोक नशीबवान, थंडीत पालक खाता.

हिरवामाठ
जुनी पानं आधी. व्हिनेगरने काही झालं नाही. पाणी नळाचं. आणि गंमत म्हणजे पुढे तुळशीपाशी सहज फेकलेली मेथी हिरवीगार आहे. तीच माती, तेच पाणी!

अण्णा_निफाड
मग मागच्या तुकड्यात असं काय घातलंत जे तुळशीपाशी नाही?

हिरवामाठ
काही नाही. माती भुसभुशीत व्हावी म्हणून मे महिन्यात भुसा मिसळला होता. तो सेंद्रियच आहे की.

शेवंता_ताई
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं ना! किती भुसा?

हिरवामाठ
चार पोती. घरी फर्निचरचं काम चालू होतं, फुकट मिळाला.

अण्णा_निफाड
सापडलं. लाकडाच्या भुशात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो. कुजायला साधारण 30 ला 1 लागतं. हा फरक भरून काढायला जिवाणू मातीतलं नत्र उचलतात, म्हणजे पालकाच्या ताटातलं. दोन घमेली शेणखत त्यात कुठे पुरणार? भुसा पूर्ण कुजला की ते नत्र परत मिळेल, पण त्याला वेळ लागतो. तोवर शेंगदाणा पेंड घाला आणि पालेभाजीऐवजी वाटाणा लावा, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. जूनमध्ये ताग पेरून फुलावर आला की तिथेच गाडा. भुसा आच्छादन म्हणून वर पसरला असता तर एवढं झालं नसतं.

गोधन
म्हणजे शेवटी जिवाणूच ना? मी वेगळं काय म्हणालो?

अण्णा_निफाड
जिवाणू वाढवाल हो, त्यांना खायला नत्र कुठून आणाल?

शेवंता_ताई
थांबा दोघं. फर्निचर सागवानी होतं की प्लायवूडचं? प्लाय आणि एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो. तो भाजीच्या वाफ्यात नकोच.

हिरवामाठ
सुताराला फोन केला. म्हणतो, "साहेब, दोन पोती साग, दोन मिक्स." आता मातीत कुठलं कुठे गेलं कसं ओळखायचं?

शेवंता_ताई
ओळखता येणार नाही. वरची वीतभर माती काढून कुंपणाकडेच्या फुलझाडांना टाका. रविवारी पालक कुंडीत पेरा, तुळशीपाशीच्या मातीत.

अण्णा_निफाड
माझा वाटाणाही मग रद्द. यंदा तिथे झेंडू लावा.

गॅलरीतली_शेती
ताक बंद करू का?