ढोल पथकात मागच्या रांगा रेंगाळतात, काय करावं?

प्रश्न: यंदा 30 ढोलांची जबाबदारी माझ्यावर आहे. नदीपात्रातल्या सरावात हात (वाजवायचा ठेका) बदलताना मागच्या रांगा हमखास मागे पडतात. ओरडलं की नवी मुलं हिरमुसतात. कसं सांभाळावं?

उत्तर 1: मुलांचा दोष कमी, अंतराचा जास्त. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शेवटची रांग ताशापासून 20 मीटरवर असेल, तर ठोका तिथे सेकंदाच्या सतराव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. ती कानावर वाजवते, म्हणून मागेच राहणार. इशारा डोळ्यांना द्या: बदलाआधी एक पूर्ण आवर्तन हात वर ठेवा. मधल्या रांगेतल्या जुन्या वादकाने तोच हात वर करून मागे दाखवायचा. नेतृत्व करणाऱ्याची पाठ सतत वादकांकडे असेल तर हे जमणारच नाही. वळून उलटं चालायची सवय करा.

उत्तर 2: नव्यांना एकगठ्ठा मागे उभं करू नका, हे फार महत्त्वाचं. जुना-नवा-जुना अशी रांग लावा. आणि ओरडण्याआधी कमरेची दोरी बघा. ती सैल असली की ढोल खाली सरकतो, मुलगा वाकतो, मनगटाऐवजी खांद्यातून टिपरू मारतो आणि लवकर दमतो. लय तिथे सुटते. चूक वाजवणं थांबल्यावर, बाजूला घेऊन सांगा. एका वेळी एकच.

उत्तर 3: ताशाही तपासा दादा. उत्साहात लय चढते आणि दोष ढोलांवर येतो. फोनवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप) लावून ताशेवाल्यांचा वेगळा सराव घ्या.